सोसणं वेगळं, पळणं वेगळं

(अमरावती आणि अकोला इथल्या, सकाळी चालायला-पळायला जाणाऱ्या मैत्रिणींच्या एकदिवसीय मेळाव्यातल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

अकोल्याच्या मैत्रिणी पहाटे उठून, कुणी डबा करून, कुणी सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवून इथे अमरावतीला पोचल्या आहेत. संध्याकाळच्या गाडीनं त्यांना परतायचं आहे. तेव्हा प्रस्तावना न करता विषयाला हात घालते.

गेल्या महिन्यात आपल्यातल्या एकीनं सगळ्यांना मोबाइलवर एक प्रश्नावली पाठवली होती. प्रश्नांची उत्तरं द्या, मग तुमचा स्वभाव कोणत्या गटात बसतो ते कळेल आणि त्या स्वभावाला कोणती शर्यत मानवेल तेही कळेल. बऱ्याच जणींनी ती भरली. एकीला उत्तर आलं, 'तुम्ही एकांतप्रिय आहात, लांब पल्ल्याचं पळा.' दुसरीला आलं, 'तुम्ही मिळूनमिसळून राहणाऱ्या आहात, संघानं पळा.' मग अकोल्याच्या एका मैत्रिणीनं मला फोन करून विचारलं, "ताई, यात 'घरचे काय म्हनतीन' हा प्रश्नच नाई. मग माहा स्वभाव यायले कसा कयला?" (हशा) आजचं माझं बोलणं म्हणजे तिच्या त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे.

प्रश्नावली थट्टेवारी न्यावी असं मात्र मला वाटत नाही. तिच्यामागची कल्पना चुकीची नाही. पळणं असो, सायकल असो की पोहणं, लांब पल्ल्याचा खेळ हा चार दिवसांचा मामला नसतो. एकवीस किलोमीटर पळायचे, तर शून्यापासून सुरुवात करणाऱ्या बाईला निदान पाच-सहा महिने, आठवड्यातले चार दिवस घराबाहेर पडावं लागतं. शर्यत एका सकाळची, तयारी शंभरेक सकाळींची. त्या शंभरेक सकाळी ज्या बाईला आवडतील तिचंच ध्येय टिकतं. शेजारीण मुंबईला पळून पदक घेऊन आली म्हणून आपणही नाव घातलं, असं ध्येय तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गळून पडतं, हे मी खूप वेळा पाहिलं आहे. म्हणून स्वभाव पाहून ध्येय ठरवा, हा सल्ला बरोबरच आहे.

फक्त, कोणतंही माप हातात आलं की ते कुणी, कुणाला मोजायला तयार केलं हे विचारायची आपली सवय आहे. ती इथेही सोडायची नाही. 'अ प्रकारची माणसं' आणि 'ब प्रकारची माणसं' हे शब्द तुम्ही ऐकले असतील. 'अ' म्हणजे घाईची, ईर्ष्येची, घड्याळाकडे बघणारी. १९५० च्या दशकात अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी ही विभागणी मांडली. पुढे ती तपासायला त्यांनी जो मोठा अभ्यास केला, त्यात तीन हजारांवर माणसं होती आणि ती झाडून सगळी नोकरदार पुरुष होती. एकही बाई नाही! पुढे या कल्पनेवरच्या संशोधनाला तंबाखू कंपन्यांनी भरपूर पैसा पुरवला, कारण हृदयविकाराचं खापर सिगारेटऐवजी स्वभावावर फुटलं तर त्यांना ते हवंच होतं.

दुसरी, सोळा प्रकारांची प्रश्नावली मात्र दोन बायकांनी केलेली आहे. कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची लेक इझाबेल मायर्स. दोघींनीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत पहिल्यांदा कामाला जाणाऱ्या बायकांना आपल्याला कोणतं काम मानवेल ते कळावं, हा त्यांचा एक हेतू होता. हेतू चांगला. पण तीच प्रश्नावली काही आठवड्यांनी पुन्हा भरली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो, हा तिच्यावरचा मोठा आक्षेप आहे. मला त्यात नवल वाटत नाही. पाळीच्या दुसऱ्या दिवशी आणि माहेराहून परतल्याच्या दिवशी मी एकच उत्तर देईन, याची मलाच खात्री नाही.

आता माझंच सांगते. वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत मी स्वतःला चारचौघींत रमणारी बाई समजत होते. शाळेत मैत्रिणींचा घोळका, नोकरीत सहकारी, फिरायला जायचं तरी सोबत कुणीतरी हवंच. कुणी प्रश्नावली दिली असती तर 'मिळूनमिसळून' या खान्यावर मी डोळे मिटून खूण केली असती. मग एका हिवाळ्यात माझी पळण्याची जोडीदारीण तीन महिने लेकीच्या बाळंतपणाला गेली. पंधरा दिवस मी घरीच बसले. सोळाव्या दिवशी चिडून एकटीच वडाळी तलावाच्या रस्त्याला लागले. पहिले आठ दिवस छाती धडधडत होती. कुणी म्हणालं, "काहून वं बाई, गाडी सुटली काय तुयी?" नवव्या दिवशी केव्हातरी लक्षात आलं की गेली वीस मिनिटं मी कशाचाही विचार केलेला नाही. स्वयंपाकाचा नाही, फीचा नाही, कुणाच्या रुसव्याचा नाही. मला एकटीनं पळणं आवडतं, हे मला त्या दिवशी कळलं. चारचौघींत रमणं हा माझा स्वभाव नव्हताच. एकटीनं बाहेर पडू न देण्याची ती चाळीस वर्षांची सवय होती, आणि तिलाच मी स्वभाव म्हणत आले होते.

उलटही पाहिलं आहे. आपल्या गटातली एक मैत्रीण स्वतःला घुमी म्हणवून घेते. घरी तिच्याशी कुणी बोलतच नव्हतं. गटात आल्यावर सहा किलोमीटर पळताना ती सहाही किलोमीटर बोलते. (हशा) आणि ते चांगलंच आहे. बोलता येईल इतक्याच वेगानं पळावं, हा लांब पल्ल्याचा पहिला नियम ती न शिकवता पाळते.

बाईचा स्वभाव काय, हे दुसऱ्यांनी ठरवून टाकायचं, हा प्रकार खेळात जुना आहे. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा आठशे मीटर पळाल्या. शर्यतीनंतर त्या कोसळल्या, अशी तिखटमीठ लावलेली वर्णनं छापून आली आणि बायकांची प्रकृती असल्या अंतरांसाठी नाही असं ठरवून ती शर्यतच बंद केली. ती पुन्हा सुरू झाली १९६० साली. म्हणजे आठशे मीटरसाठी बत्तीस वर्षं! बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली थेट १९८४ मध्ये. आपल्या अमरावतीला व्यायामाची परंपरा केवढी मोठी. १९१४ साली वैद्य बंधूंनी उभा केलेला हनुमान आखाडा, म्हणजे आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. तिथलं पथक १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकला प्रात्यक्षिकं दाखवायला गेलं होतं. त्या वेळी जगातल्या कोणत्याच बाईला ऑलिंपिकमध्ये आठशे मीटरसुद्धा पळायची मुभा नव्हती, हे मला त्या संदर्भात नेहमी आठवतं.

आता ज्यासाठी मी आज मुद्दाम उभी राहिले ती गोष्ट. शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत 'एन्ड्युरन्स' या शब्दाला मराठीत दोन शब्द सापडतात. एक दमदारपणा आणि दुसरा सहनशक्ती. शाळेत शिकवताना मी दोन्ही फळ्यावर लिहीत असे. हल्ली दुसरा लिहिताना हात अडतो. कारण सहनशक्ती हा शब्द आपल्या घराघरांत बायकांच्या बाबतीत आधीच वापरून झिजलेला आहे. "पोरगी सोशिक आहे," हे स्थळ पाहायला आलेल्यांना सांगायचं प्रमाणपत्र. मग अशी सोशिक मुलगी पस्तिशीत पळायला येते तेव्हा सगळे म्हणतात, हिचा स्वभाव लांब पल्ल्यालाच योग्य. तक्रार नाही, दुखलं तरी थांबत नाही.

मैत्रिणींनो, हीच बाई सगळ्यांत आधी जायबंदी होते. एका मैत्रिणीच्या नडगीत एका बोटाएवढ्या जागेत दुखत होतं. तिनं ते पाच आठवडे कुणाला सांगितलं नाही. आठवड्याला दोन उपवास, घरात सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते जेवण, आणि वर रोजचं पळणं. मधे दोन महिने पाळी आली नाही तर, "बरं झालं, कटकट गेली," म्हणाली. शेवटी हाडाला बारीक चीर निघाली. खाणं कमी आणि श्रम जास्त झाले की शरीर पाळी थांबवतं आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. पाळी जाणं ही कटकट जाणं नव्हे, धोक्याची घंटा आहे. डॉक्टरांकडे जायचं कारण आहे. पण तिला घंटा ऐकायची सवयच नव्हती. दुखणं न सांगणं यालाच आयुष्यभर शाबासकी मिळाली होती. ती पळत नव्हती, सोसत होती.

सोसण्यात थांबण्याचा हक्क नसतो, खेळात तो असतो, एवढा साधा फरक आहे. म्हणून सोशिक म्हणून नावाजलेल्या मैत्रिणींसाठी मी ध्येयच वेगळं सुचवते. त्यांनी किलोमीटर ठरवू नयेत. आठवड्यातून दोन दिवस पूर्ण विश्रांती, सकाळचं खाणं सगळ्यांच्या आधी, आणि दुखलं की त्याच दिवशी गटात सांगायचं. तीन महिने एवढंच. हे वाचायला सोपं वाटतं, करून पाहा. जिची हाडाची चीर भरून आली, ती मैत्रीण पुढच्या वर्षी एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत पंधराव्या किलोमीटरला पाय भरून आल्यावर बाजूला झाली आणि गाडीत बसून परत आली. मला म्हणाली, "मले कोनी थांबवलं नाई ताई, मीच थांबली." पदक मिळालं नाही, पण माझ्या लेखी तिचं ध्येय त्या दिवशी पूर्ण झालं होतं.

इथे लताबाई करे यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मूळच्या आपल्या वऱ्हाडातल्या, बुलढाणा जिल्ह्यातल्या. पोटासाठी कुटुंब बारामतीकडे गेलेलं. दुसऱ्याच्या शेतात मजुरी. २०१४ साली नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून साठी ओलांडलेल्या या बाई नऊवारीत, अनवाणी बारामतीच्या ज्येष्ठांच्या शर्यतीत पळाल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःचं काम स्वतःच केलं. वर्तमानपत्रांनी त्यांना पतिव्रता करून टाकलं. आजाऱ्याच्या तपासणीसाठी म्हातारीला शर्यत का जिंकावी लागते, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. मला मात्र त्यांची पुढची दोन वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. त्या पुन्हा पळाल्या आणि पुन्हा जिंकल्या. पहिली शर्यत गरजेची होती. नंतरच्यांत थोडी तरी हौस असेल, जिंकण्याची चटक असेल, असं मला आपलं वाटतं. बाईच्या हौसेची बातमी होत नाही, त्यागाची होते.

जिंकण्यावरून आठवलं. ईर्ष्या हा शब्द आपण शिवी असल्यासारखा वापरतो. आपल्या अकोल्याच्या गटात एका बँकेत काम करणारी मैत्रीण आहे. दोन वर्षं ती सगळ्यांना सांगायची, "मी आपली तब्येतीसाठी पळते." पण कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर पुढे कुणी दिसलं की तिची चाल आपोआप वाढायची. एकदा मी तिला बाजूला घेऊन विचारलं, खरं सांग. तर खाली मान घालून, चोरी पकडल्यासारखं म्हणाली, "मले नंबर पाह्यजे, ताई." मग आम्ही तिच्यासाठी नंबराचंच ध्येय ठरवलं. दहा किलोमीटर, तिच्या वयोगटात पहिल्या तिघींत. आठवड्यातून एक दिवस घड्याळ लावून जोरात, बाकीचे दिवस घड्याळ घरी. ही दुसरी अट तिला फार जड गेली. असल्या स्वभावाच्या बाईला रोजच शर्यत हवी असते, आणि रोज शर्यत केली की दमसास वाढायच्या आधी गुडघे बोलतात. तिसऱ्या शर्यतीत तिला नंबर मिळाला. आता ती उघड सांगते की मला जिंकायला आवडतं. माझ्या मते तिचा वेग त्यामुळेही वाढला असावा, पण हे काही शास्त्र नाही.

अंतराची निवडही स्वभावाची आणि अंगाची असते. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर मुंबईची मॅरेथॉन भारतीय बायकांत जिंकणारी. पण तिनं मन घातलं ते तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीवर. २०१५ मध्ये त्यात ती आशियात पहिली आली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पळाली. जास्त लांब म्हणजे जास्त मोठं, हा समज सोडून द्या. जिला एकसुरी पळण्याचा कंटाळा येतो तिनं बेचाळीस किलोमीटरच्या मागे लागून स्वतःला शिक्षा देऊ नये. तिनं पाच किलोमीटर चढ-उताराचे करावेत. चिखलदऱ्याचे घाट आपल्या जिल्ह्यातच आहेत.

आणि जिला स्पर्धाच नको, तिचं काय? तिच्यासाठी वऱ्हाडात जागा जुनी आहे. कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. तिथून रुक्मिणीची पालखी शेकडो वर्षं पंढरपूरला पायी जाते. शेगावची पालखी अकोल्यावरूनच जाते. डोक्यावर तुळस घेऊन महिनाभर चालणाऱ्या बायकांना पहिली कोण आली हे कुणी विचारत नाही. ज्यांचा स्वभाव असा आहे त्यांना सायकलीवरचा 'ब्रेव्हे' हा प्रकार आवडेल. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे. क्रमांक नाहीत, फक्त वेळेत पोचायचं. दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स म्हणून शर्यत आहे, साधारण नव्वद किलोमीटरची, म्हणजे जवळपास अमरावती ते अकोला. तीही बारा तासांत पुरी करणं हेच बहुतेकांचं ध्येय असतं. फ्रान्सिस हेवर्ड नावाची बाई १९२३ सालीच, तिचा अर्ज नाकारलेला असताना, ती पळून गेली. बायकांना तिथे रीतसर प्रवेश मिळाला १९७५ साली. आपल्या अमरावती-अकोला रस्त्यावर २०२२ मध्ये पंच्याहत्तर किलोमीटर डांबरीकरण एकशे पाच तासांत करून विक्रम झाला. त्या रस्त्याच्या कडेनं बाई निर्धास्तपणे एकटी पळू शकेल, असा विक्रम अजून व्हायचा आहे. (टाळ्या)

स्वभावाचं एवढं बोलले, पण ऋतू आणि पोट स्वभावाला विचारत नाहीत. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तेव्हा कसलंच ध्येय ठरवायचं नाही, पहाटे पाचला बाहेर आणि सहाला घरात. आपल्याकडे तयारीचे खरे महिने ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पण नेमके तेच कापूस वेचणीचे दिवस. आपल्या गटात खेड्यातून येणाऱ्या तिघी या दिवसांत दिसत नाहीत, आणि गैरहजेरी मांडताना आपण त्यांना 'चिकाटी नसलेल्या' म्हणून मोकळ्या होतो. दिवसभर वाकून, किलोच्या हिशोबानं कापूस वेचणाऱ्या बाईच्या चिकाटीची परीक्षा आपण घ्यायची? त्यांच्यासाठी गटाचं वेळापत्रक जून-जुलैत धरता येईल का, की तेव्हा पेरणी-निंदण आडवं येतं, हे मला माहीत नाही. त्यांनाच विचारून ठरवू. त्या आज आलेल्या नाहीत, हेही लक्षात ठेवा.

आणखी दोन गोष्टी, ज्या कोणत्याच प्रश्नावलीत नसतात. पहिली, रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक, नेमकं सांगायचं तर ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. "मी मुळातच आळशी, माझा दम लवकर जातो," असं म्हणणाऱ्या कितीजणींचं हिमोग्लोबिन आठ-नऊ निघालं आहे! तो स्वभाव नव्हता, लोहाची कमतरता होती. दुसरी गोष्ट पुरुषांसमोर आपण बोलत नाही. बाळंतपणानंतर पळताना, उडी मारताना लघवीचे थेंब जातात. त्यामुळे कितीतरी जणी 'मला पळणं आवडत नाही' असं सांगून केवळ चालतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचे व्यायाम नियमानं केले तर बहुतेकींना चांगला फरक पडतो. जेवणानंतर आपली डॉक्टर मैत्रीण ते दाखवणार आहे. लाजू नका, सगळ्या थांबा.

आता तुमच्या हातात कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या आहेत. वरच्या ओळीत या हिवाळ्यात काय करायचं ते लिहा: अंतर, वेळ, नंबर, की नुसतं आठवड्यातून तीनदा घराबाहेर पडणं. खालच्या ओळीत, काय झालं तर थांबायचं ते लिहा. चिठ्ठीवर नाव घाला, घरच्यांना दाखवायची सक्ती नाही. तीन महिने ती चिठ्ठी मी जपून ठेवीन. मधल्या काळात तुम्हाला वाटलं की आपण लिहिलेला स्वभाव आपला नव्हताच, तर मागून घ्या आणि खोडून दुसरं लिहा. पेनं कमी आहेत, एकमेकींना द्या. अकोल्याच्या मैत्रिणींनी आधी लिहावं, त्यांची गाडी पाचची आहे.